पंचमीचा मुराळी

तापोळ्यापलीकडची वाडी
५ जून २०२५

शिवू,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. आबा सैन्यात असताना घरी निळी आंतरदेशीय पत्रं यायची, त्यानंतर आपल्या घरात पत्र लिहिलंच कुणी नाही. आता मला लिहावं लागणार, कारण मी फोन विकला. बंद केला नाही, विकला. पुण्याच्या कंपनीला राजीनामा दिला, रहिमतपूरच्या घराला कुलूप घातलं आणि तापोळ्याहून लाँचनं कोयनेचं पाणी ओलांडून इथं येऊन राहिलो. तुला आधी सांगितलं असतं तर तू रडून मला अडवलं असतंस, म्हणून आता सांगतोय.

वर्षभर मला धड झोप नव्हती गं. फोन वाजत नसला तरी कानात वाजायचा. जेवताना डावा हात त्याच्यावर, आंघोळीला गेलो तरी तो बाहेर खिडकीत. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या घेण्यापेक्षा बाळासोंचं घर बरं, असा मी विचार केला. बाळासो आणि रंगुबाई ही इथली म्हातारा-म्हातारी, मागं एकदा भटकायला आलो होतो तेव्हाची ओळख. त्यांनी गोठ्याशेजारची खोली दिली आहे. नाचणीची भाकरी, ओढ्याचं पाणी, आणि अंधार पडला की झोप. अजून हात खिशाकडं जातो, मग मी त्याला उगीच कान खाजवायला लावतो.

परवा बाळासोंबरोबर मध काढायला कड्यावर गेलो होतो. पाय घसरून करवंदीच्या जाळीत पडलो. येताना अस्वल दिसलं. म्हणजे अस्वलानं मला बघितलं असावं, मी नीट बघायला थांबलो नाही. मनूला सांग, मामा अस्वलापेक्षा जोरात पळतो. दारात येईल त्याला भाकरी देणाऱ्या आपल्या मनुबाई आजीचं नाव तिला ठेवलंय, तेव्हा ती नक्की विचारणार की अस्वलाला भाकरी का नाही दिली.

दसऱ्यापर्यंत खाली उतरायचं नाही असं ठरवलं आहे. तूही एकदा करून बघ. सारखी ते स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकत असतेस, भाजी करपते आणि तू कॅमेरा पुसत बसतेस. फोन कपाटात ठेव आणि किल्ली दाजींकडं देऊन टाक. बघ कसं मोकळं वाटतं.

तुझा दादा

---

माळवाडी, ता. शिराळा
१६ जून २०२५

दादा,

तुझं पत्र पोस्टमननं ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते सोप्यात बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्यांच्या आई, आमच्या आत्याबाई होत्या, मी होते, चहाला आलेले दोघंतिघं होते. अस्वलावर सगळे हसले. मनू अजून विचारते आहे, मामानं अस्वलाला भाकरी का दिली नाही.

तुझं इथं फार कौतुक झालं. हे म्हणाले, शिकलासवरलेला माणूस सांगतोय तर त्यात अर्थ असणारच. तू लिहिलंस तसंच केलं आहे. माझा फोन कपाटात आहे आणि किल्ली ह्यांच्याकडं आहे. मागच्या महिन्यात माझ्या एका व्हिडिओखाली कुणा अनोळखी माणसानं "ताई, हात सुरेख आहेत" असं लिहिलं होतं. त्यावरून घरात बोलणं चाललं होतं. तुझ्या पत्रामुळं ते मिटलं. आता व्हिडिओ नाहीत, आणि मला बाजारालाही जावं लागत नाही, हेच सगळं घेऊन येतात.

मोकळं वाटतं का, असं तू विचारलं आहेस. हे इथंच शेजारी बसले आहेत. म्हणतात, लिही, वाटतंय म्हणून. वाटतंय.

ब्लाउज शिवणाऱ्या शाहजादी भाभी पलीकडच्या घरातून तुझी चौकशी करत होत्या. तू भाकरी नीट खातोस का ते लिही. पायाला लागलं असेल तर हळद लाव. पत्र लवकर पाठव.

शिवांजली

---

तापोळ्यापलीकडची वाडी
२९ जून २०२५

शिवू,

तुझं पत्र लाँचमधून आलं तेव्हा मी गुडघाभर चिखलात बाळासोंचं रेडकू बाहेर ओढत होतो. हात न धुताच फोडलं, म्हणून ते आता चिखलानं माखलेलं आहे.

शाब्बास. खरंच शाब्बास. मी थट्टेनं लिहिलं होतं आणि तू करून दाखवलंस. माझे पुण्याचे मित्र मला येड्यात काढतात, आणि माझी बहीण शिराळ्याच्या खेड्यात बसून माझ्यापेक्षा पुढं गेली. "वाटतंय" हा शब्द तू दोनदा लिहिला आहेस. त्यावरूनच कळलं, किती मनापासून लिहिलंस ते. दाजींचंही मला नवल वाटलं. लग्नात ते मला जरा कडक वाटले होते, ते मी मागं घेतो. बायकोला बाजाराचीही दगदग नको म्हणून सगळं स्वतः आणून देणारा नवरा आजकाल कुठं मिळतो.

इथं आता पाऊस लागला आहे. जळवा अंथरुणापर्यंत येतात. मी मीठ खिशात घेऊन हिंडतो, जिथं आधी फोन असायचा तिथं. झोप मात्र अशी लागते की रंगुबाई दारावर काठी आपटून उठवते. ती म्हणते, "पुण्यात झोप मिळत न्हाई व्हय रं? मग तिथं काय मिळतं?"

तुझं अक्षर अगदी आईसारखं आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं. मेसेजमध्ये कुठं कळणार. असंच लिहीत जा.

दादा

---

माळवाडी, ता. शिराळा
१० जुलै २०२५

दादा,

काल बेंदूर झाला. बैल रंगवले, मनूनं शिंगांना लावायचा हिंगूळ स्वतःच्या नाकाला लावून घेतला. तिला शाळेत घातलेलं नाही अजून, पुढच्या वर्षी बघू असं म्हणतात. ती चार वर्षांची झाली, पण तुझी वाट बघण्यात चाळिशीची बाई आहे.

तू दाजींबद्दल लिहिलेलं वाचून हे खूश झाले. दोनदा वाचून दाखवलं.

आता कामाचं लिहिते. पंचमी एकोणतीस तारखेला आहे. गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी जाणार आहेत, कुणाचा भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, कुणाचा चुलता. काल बायका जमल्या होत्या तेव्हा आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुराळी आला तर धाडू की. पंचमीला लेक आडवायची आमची रीत न्हाई." चार जणींसमोर बोलल्या, तेव्हा तो शब्द आता फिरणार नाही. लेकुरवाळी पंचमीला जाते ती लेकरासकट जाते, म्हणजे मनूही माझ्याबरोबर येईल.

आई-आबा नाहीत. नानासो काकांना गुडघ्यानं उठवत नाही. मला न्यायला येणारा तूच एक आहेस. तू घर उघडलंस तर मला माहेर आहे. फोन करावा तर शेजारीपाजारी फोन आहेत, पण लावू कुणाला, तू तर तुझा विकून बसलास.

दसऱ्याचा तुझा नेम मला ठाऊक आहे. तरी चार दिवसांसाठी उतर. हे रानातून आले की पत्र वाचून पाकीट बंद करतील, म्हणून जास्त लिहीत नाही.

ये, दादा. नक्की ये.

शिवू

---

तापोळ्यापलीकडची वाडी
१७ जुलै २०२५

शिवू,

रागावणार नाहीस असं आधी कबूल कर. पंचमीला मला जमणार नाही.

कारण ऐकलंस तर तूच म्हणशील, जा. बाळासोंची लेक खाली कोकणात दिली आहे. तिला पंचमीला आणायला ते घाटानं उतरणार आहेत. गाडीरस्ता लांबून आहे, ही जुनी पायवाट जंगलातून सरळ खाली जाते. भर पावसात, दोन ओढे ओलांडून, दोरीला धरून. असं काही करायला मिळावं म्हणूनच तर मी इथं आलो. परवा निघतोय. बाळासो लेकीला घेऊन वर येतील, आणि मी तसाच पुढं समुद्रापर्यंत चालत जाईन. आजपर्यंत समुद्र मी गाडीतून उतरून बघितला आहे, यावेळी चालत जाऊन बघायचा आहे.

आणि तुला न्यायला माणूस कशाला हवा गं? एमएस्सी झालेली बाई तू. मुराळ्याची वाट बघणं हे आईच्या वेळचं. मनूला घे, शिराळ्यातून साताऱ्याची एसटी पकड, बामणोलीला ये, लाँचमध्ये बस. तुझ्याही आयुष्यात एक साहस होऊन जाऊ दे. मी महिनाअखेर नाही, पण ऑगस्टमध्ये कधीही ये.

तुझं पत्र रंगुबाईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "मग कवा निघणार तू?" मी कोकणाचं सांगितलं. त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही, भाकरीही ताटात आपटली. मी तिची लाकडं भिजवली होती, त्याचा राग असावा.

दाजींना नमस्कार. मनूला समुद्रावरचे शिंपले आणतो.

दादा

---

माळवाडी
२२ जुलै २०२५

दादा,

हे पत्र शाहजादी भाभी शिराळ्याच्या पोस्टात टाकणार आहेत. घरात कुणाला माहीत नाही. मी त्यांच्याकडं ब्लाउजचं माप द्यायला आले आहे आणि त्यांच्या मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. तेवढाच वेळ आहे.

तुझं पत्र काल ह्यांनी वाचून दाखवलं. "जमणार नाही" हे वाक्य दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघून हसले.

आता सरळ सांगते. मी फोन कपाटात ठेवलेला नाही. तुझं पहिलं पत्र वाचून ह्यांनी माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, तुझा भाऊच सांगतोय. त्या आधीपासून त्या व्हिडिओवरून हात उचलत होते. तुझ्या पत्रानंतर दार बंद झालं. मी दुकानात जात नाही, नळावर जात नाही. मनूला अंगणवाडीत पाठवत नाहीत, कारण सोडायला मी जाईन. माझी सगळी पत्रं हे वाचतात, आणि जे लिहिलं ते हे वाचणार म्हणूनच तसं लिहिलं. "वाटतंय" हे मी दोनदा लिहिलं, कारण पहिल्यांदा लिहिल्यावर हे म्हणाले, नीट लिही.

मी एसटीनं येऊ शकत नाही. उंबऱ्याबाहेर पडले तर मनूला ठेवून पडावं लागेल. फक्त पंचमीला तसं नाही. पंचमीला मुराळी दारात आला की लेकरासकट पाठवावंच लागतं, सगळी गल्ली बघत असते, आत्याबाई बोलून बसल्या आहेत. त्या दिवशी मी मनूला घेऊन तुझ्याबरोबर निघाले की परत येणार नाही. सगळं मी ठरवलं आहे. फक्त न्यायला माणूस पाहिजे.

भाभी म्हणाल्या, फोन लावू का भावाला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो.

तू अजून निघाला नसलास तर निघू नकोस. तू निघाला असलास आणि हे पत्र तुला वाटेत कुठं मिळालं तर समुद्राला जाऊ नकोस. रहिमतपूरचं घर झाडायचीही गरज नाही, मी आल्यावर झाडीन. फक्त सत्तावीस किंवा अठ्ठावीस तारखेला दारात ये.

मला भीती वाटते रे, दादा.

शिवू

---

वाडीचा धक्का, तापोळ्यासमोर
६ ऑगस्ट २०२५

शिवू,

हे शाहजादी भाभींच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तुझं पत्र काल मिळालं. मी काल परत आलो. रंगुबाईनं ते देवघरात ठेवलं होतं, तिला वाचता येत नाही, पण हातात देताना म्हणाली, "उशीर झाला बग तुला." वाचल्यावर मी तिला काय लिहिलंय ते सांगितलं.

पावसात अडकत अडकत मी चोवीस तारखेला बाळासोंच्या लेकीच्या दारात उभा होतो. ती तिच्या सासूच्या पाया पडली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, बरं झालं आलात. मी ती पिशवी घाटाच्या पायथ्यापर्यंत वाहिली. दुसऱ्याची बहीण माहेरच्या वाटेला लावली आणि मग समुद्र बघायला गेलो. पंचमीच्या दिवशी मी वाळूत झोपलो होतो. तू त्याच्या आदल्या दिवशी माझ्यासाठी उपास धरला असशील. धरला होतास ना?

वारा सुटलाय, लाँच बंद आहे. काल रात्रीपासून मी धक्क्यावरच आहे. एका माणसाचा फोन मागून भाभींना लावावा म्हटलं, पण नंबर माझ्याजवळ नाही, आणि असता तरी इथं रेंज नाही. लाँच सुरू झाली की मी साताऱ्याला उतरतो आणि तिथून तुझ्याकडं. शनिवारपर्यंत दारात असेन. या पत्राच्या आधी मीच पोचेन बहुतेक.

तुला घेतल्याशिवाय मी परतणार नाही.

दादा

---

माळवाडी
१९ ऑगस्ट २०२५

दादा,

तू गेल्यावर दहा दिवस मला कागद मिळाला नाही. आज भाभींच्या मशीनवर बसले आहे.

तू शनिवारी आलास तो राखीचा दिवस निघाला, ते देवानंच केलं. तू दारातून आत येता येता म्हणालास, "तुझं पत्र मिळालं." हे लगेच म्हणाले, कुठलं पत्र. मी म्हटलं, बेंदराचंच हो, ये म्हणून लिहिलं होतं ते. मग ताट आणलं, तुला ओवाळलं. तुझं लक्ष माझ्या मनगटाकडं होतं. बांगड्या मुद्दाम जास्त घातल्या होत्या.

तू म्हणालास, हिला आणि मनूला चार दिवस नेतो. तेव्हा हे काय म्हणाले ते तू ऐकलंस. "राखीला भाऊ येतो, ववाळून घेतो आन जातो, पाव्हणं. न्यायची येळ पंचमीला हुती. तवा तुमी समुद्रावर हुता." सगळे हसले. तुझे कान लाल झाले आणि तू उठलास. तू काय करणार होतास ते मला दिसलं, म्हणून मी मध्ये बोलले. "मी बरी हाय, दादा. तू जेव आन जा." तुझा चेहरा असा झाला, जसं काही मी तुझ्या तोंडात मारलं.

आत्याबाईंकडं तुझं लक्ष नव्हतं. तू आल्यापासून त्यांनी मनूला मांडीवर घट्ट धरलं होतं. ती तुझ्याकडं यायला धडपडत होती, शिंपले मागत होती, त्यांनी सोडली नाही. पंचमी सरली त्या दिवशीच ह्यांनी मला सांगून ठेवलं आहे, "जायचं तर एकली जा. पोरगी आमची हाय." मी त्या दिवशी तुझ्याबरोबर निघाले असते तर मनू तिथंच राहिली असती.

तू भाभींकडं निरोप ठेवलास, पोलिसांत जातो म्हणून. जाऊ नकोस. कायदा आहे हे मलाही माहीत आहे. पण पोलीस दारात यायच्या आधी हे मनूला पुण्याला मामेभावाकडं ठेवतील, मग मी तारखा करत बसेन आणि ती मला विसरेल. मला एकच दिवस होता, ज्या दिवशी मी तिचं बोट धरून उंबरा ओलांडला असता आणि ह्याच लोकांनी "सांभाळून जावा" म्हटलं असतं. दिवाळीला तसं होत नाही, भाऊबीजेला भाऊच इकडं येतो. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, म्हणून पंचमी आणखी लांबली आहे. ऑगस्टच्या मध्यात येते. तोवर मी राहीन. मी शिकले आहे कसं राहायचं ते.

मला तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पंचमीच्या आदल्या दिवशी उपास धरला तेव्हाही आला होता. तरी धरला.

आता माझं एक काम कर. मला माफीची पत्रं लिहू नकोस. आधी लिहायचास तशी घरच्या पत्त्यावर लिही. अस्वल, मध, जळवा. फोन नाही ते कसं बरं आहे, तेही लिही. ती वाचून हे खूश होतात, त्या दिवशी घर शांत असतं, आणि मनूला गोष्ट मिळते. तू तिथून कायमचा उतरलास तरी ते ह्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर पुढच्या पंचमीला काहीतरी निमित्त काढून अडवतील. तू तोच येडा, जंगलात राहणारा, बहिणीची फारशी फिकीर नसलेला भाऊ राहा. तसा राहिलास तरच तुझ्याबरोबर पाठवतील.

शिवू

---

रहिमतपूर
३ सप्टेंबर २०२५

शिवू,

हे शेवटचं पत्र भाभींच्या पत्त्यावर. पुढं तू सांगितलंस तसंच करीन.

मी घर उघडलं आहे. झाडलं आहे. तुझी आणि मनूची सोय आईच्या खोलीत केली. नवीन फोन घेतला. त्यात एकच नंबर आहे, भाभींचा, आणि माझा त्यांच्याकडं आहे. आधी वाजायचा म्हणून पळून गेलो होतो, आता वाजावा म्हणून उशाशी घेऊन झोपतो. झोपतो म्हणजे पडतो. पंचमीपर्यंत थांबायचं नाही असं वाटलं तर कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी भाभींना सांग. मी तासा-दोन तासांत पोचतो. मोटरसायकल घेतली आहे, ती पेट्रोल भरूनच ठेवतो.

पत्रं मी इथं लिहून बाळासोंकडं पाठवणार. ते तापोळ्यात पेटीत टाकतील, म्हणजे शिक्का तिथलाच पडेल. त्यांना आणि रंगुबाईला सगळं सांगितलं आहे. जंगलात रोज काय होतं ते बाळासो निरोपानं कळवणार आहेत, कारण मला आता काही आठवत नाही. लिहायला बसलो की फक्त त्या शनिवारचा तुमचा सोपा दिसतो.

तू शिकलीस कसं राहायचं ते, असं लिहिलंस. ते वाक्य मला झेपत नाही, शिवू.

हे वाचून फाडून टाक.

दादा

---

तापोळ्यापलीकडची वाडी
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय शिवू आणि माननीय दाजी,

परवा दसरा झाला. मी दसऱ्याला खाली उतरणार होतो, पण मन होईना. पाऊस ओसरलाय, सगळा डोंगर पिवळ्या फुलांनी भरलाय, असं सोडून कोण जाईल? बाळासो म्हणतात, हा पोरगा आता इथंच म्हातारा होणार.

मनूबाई, तुझ्यासाठी बातमी आहे. अस्वल परत आलं होतं. यावेळी मी पळालो नाही. भाकरी ठेवली आणि झाडाआड उभा राहिलो. त्यानं ती हुंगली आणि टाकून गेलं, कारण रंगुबाई मीठ घालायला विसरली होती. आता रंगुबाई आणि अस्वल एकमेकांशी बोलत नाहीत. कड्यावरचं मोठं पोळं आम्ही काल उतरवलं, मला दोन माश्या चावल्या, एक नाकावर. नाक वांग्याएवढं झालं आहे. आरसा नाही म्हणून बरं.

दाजी, तुमचं म्हणणं मला आठवतं. फोन नाही, तेच खरं सुख. परवा लाँचमध्ये एक पाहुणा सारखा रेंज शोधत होता, इकडून तिकडं, इकडून तिकडं, शेवटी पाण्यात पडला. मला हसू आवरेना. तुम्ही शिवूला ती सवय मोडायला लावलीत हे उत्तम केलंत. मी तिला सांगून ती कधी ऐकणारी नव्हती.

एक विनंती होती, तुमची हरकत नसेल तर. यंदा माझ्या वेडेपणामुळं पंचमी चुकली, शिवूनं मनाला लावून घेतलं असेल, बायकांचं असतं तसं. पुढच्या पंचमीला म्हणतो मुराळी होऊन यावं. चारच दिवस. मनूलाही घेईन, तिला आजोळचं घर दाखवावं, ते कुलूप तेवढ्यापुरतं काढीन. पाचव्या दिवशी दोघींना तुमच्या दारात आणून सोडतो. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांच्या हातची आमटी अजून जिभेवर आहे.

शिवू, तुझ्याकडून बऱ्याच दिवसांत पत्र नाही. कामात असशील. जमेल तेव्हा दोन ओळी टाक, मनूचं काय चाललंय तेवढं लिहिलंस तरी पुरे.

माझी काळजी करू नकोस. इथं झोप छान लागते. मी मजेत आहे.

तुझा दादा